बँडचा किल्ट नेसताना या चुका टाळा

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो ग्रीन मैदानावर वर्ल्ड पाइप बँड चॅम्पियनशिप, म्हणजे बॅगपाइप आणि ढोल वाजवणाऱ्या बँडांची जागतिक स्पर्धा भरते, तेव्हा बँड आत तोंड करून वर्तुळात वाजवतात. प्रेक्षकांना दिसतात त्या वादकांच्या पाठी, आणि किल्टच्या, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चौकडीच्या घागऱ्याच्या, चुण्या असतात पाठीमागेच. तरी नवा वादक आरशासमोर उभा राहून पुढचा सपाट पदरच तेवढा नीट करत बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किल्ट पँटसारखा कमरेखाली बांधणे. त्याची जागा बेंबीच्या उंचीवर. चुण्या कमरेपासून नितंबांपर्यंत शिवलेल्या असतात आणि तिथून खाली मोकळ्या सुटतात. किल्ट खाली सरकला की शिवलेला भागही घसरतो, चुण्या भलतीकडेच उघडतात आणि कड पोटरीकडे निघते. गुडघे टेकून, टाचांवर न बसता, ताठ राहा. कड जमिनीपासून साधारण इंचभर वर हवी. ही तपासणी एकट्याने करू नका. सगळ्यांना रांगेत उभं करून कुणीतरी मागून पाहावं. उधारीच्या किल्टांमुळे कड कशी नागमोडी होते, ते तेव्हाच कळतं.

मागच्या चुण्या फाकत असतील तर बहुतेक वेळा पट्टे जास्त आवळलेले असतात. आधी आतल्या पदराचा पट्टा कमरेच्या फटीतून काढून डावीकडे लावा, मग वरचा पदर उजवीकडे. पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे, असाल तर छातीभर श्वास घेऊन मगच बकल लावा. पिन फक्त वरच्या पदरातून! दोन्ही पदर टोचले तर कूच सुरू होताच कापड ओढलं जातं आणि फाटतं.

खरा घोळ होतो तो नवे किल्ट मागवताना. नुसतं टार्टनचं, म्हणजे त्या चौकडीच्या नक्षीचं, नाव कळवून भागत नाही. एकच टार्टन ‘मॉडर्न’ रंगछटेत गडद, ‘एन्शंट’ छटेत फिकं येतं, गिरणी बदलली तरी छटा बदलते. त्यात चुण्या घालायच्या दोन तऱ्हा. एकीत चौकडीची नक्षी मागेही सलग दिसते, दुसरीत प्रत्येक चुणीवर नक्षीतली एकच उभी रेघ येते, लष्करी बँडांसारखा. पुढून दोन्ही अगदी सारखे. वर्तुळात मात्र वेगळ्या छटेचा किंवा वेगळ्या चुण्यांचा तो एक नवा किल्ट लांबूनही ओळखू येतो. म्हणून जुना किल्टच नमुना म्हणून शिवणाऱ्याकडे पाठवा. पैसे वाचवायला अ‍ॅक्रिलिक घेऊ नका. सोळा औंसी जाड लोकरीसारखा डौलदार झोल त्याला येत नाही, घडीही टिकत नाही.

मोज्याची दुमड गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं. एवढं सगळ्यांचं सारखं असलं की पुरे.

बसमध्ये बसताना दोन्ही हातांनी चुण्या मागून सारख्या करत बसा, साडी चुरगळू नये म्हणून बसतात तसंच. स्कॉटलंडचा पाऊस काही चुकत नाही. भिजलेला किल्ट हीटरवर टाकू नका, कमरपट्टीला धरून टांगा. इस्त्रीआधी चुण्यांना धावदोरा घाला, नाहीतर एक चुकलेली घडी कायमची बसते. हंगाम संपला की स्वच्छ करून, लांबीत गुंडाळून ठेवा. घामट तसाच ठेवलात तर कसर लागते, आणि भोकं बहुधा मागेच सापडतात.