सही कोणाची? आरोग्य धोरण नेतृत्व कार्यक्रमात निवड झालेल्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांसाठी

निवडीचं पत्र आलं की दुसऱ्या दिवशी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. नागपुरात तो लागू न देणं जवळपास अशक्य, पण दोन दिवसांत उतरवून घ्या. फ्लेक्सवर फोटो दिसला की लोक तुम्हाला दवाखान्यातली कामं करून देणारे समजतात. मग रात्री अकराला मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) खाट मिळवून द्या म्हणून फोन येतात आणि कार्यक्रमाचे महिने फोन उचलण्यात जातात. या फोनसाठी एक कागद करून महिला आरोग्य समितीच्या अध्यक्षताईंकडे ठेवा: तातडीच्या रुग्णासाठी १०८, गरोदर माता आणि नवजात बाळासाठी १०२, सल्ला आणि तक्रारीसाठी १०४. तुमचं काम वेगळं आहे. एकच प्रश्न धरायचा, तो ज्याच्या सहीने सुटतो त्याच्या टेबलापर्यंत न्यायचा, तोही मोजलेल्या आकड्यासह आणि वेळेत.

आधी सही शोधा

सगळ्यात जास्त चपला इथेच झिजतात. शहरातली नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं महापालिकेची. तिथे केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग झोन, मग सिव्हिल लाईन्समधलं मुख्यालय. मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि मेडिकल राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची. तिथे सही अधिष्ठात्यांची. डागा स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. मिहानमधलं एम्स केंद्र सरकारचं. शहराबाहेर पडलात की प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आणि त्याच तालुक्यातलं ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. मेडिकलमधल्या रांगेचं निवेदन महापालिकेत दिलंत तर ते घेतलं जाईल, शिक्काही बसेल आणि पुढे काहीच होणार नाही. यात कोणाची बदमाशी नसते. कागद दुसऱ्याच्या घरी गेलेला असतो.

एकाच केंद्रातही सह्या वेगवेगळ्या असतात. बसायला बाक नाही, पंखा बंद आहे, हे केंद्राच्या पातळीवर सुटतं. महिला आरोग्य समितीला वर्षाला ५,००० रुपयांचा मुक्त निधी आहे. वस्तीतलं एखादं छोटं काम त्यातून होतं आणि त्यासाठी मुख्यालय गाठायची गरज नसते. प्रयोगशाळा तंत्रज्ञाची जागा रिकामी असेल तर मुख्यालय आणि राष्ट्रीय आरोग्य अभियान. म्हणून कार्यक्रमाच्या पहिल्या आठवड्यात वहीचं एक पान करा: डावीकडे वस्तीतले आठ-दहा प्रश्न, उजवीकडे प्रत्येकासमोर पदनाम. नाव लिहू नका, साहेब बदलतात. ज्या प्रश्नासमोर पदनाम लिहिता येत नाही, तो अजून प्रश्न झालेला नाही, नुसता वैताग आहे.

प्रश्न बारीक करा

‘आमच्या वस्तीत दवाखाना द्या’ ही मागणी कागदावरच अडते, कारण नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष साधारण ५०,००० लोकसंख्येला एक असा आहे. ‘सिकलसेल हटवा’ हीदेखील मागणी नव्हे. सिकलसेल म्हणजे आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. सिकलसेलचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण विदर्भात हा विषय टाळून आरोग्य धोरणाबद्दल बोलणं म्हणजे बारशाला जाऊन बाळाकडे न पाहणं.

चाचणी दोन टप्प्यांत होते. पहिली सोल्युबिलिटी: बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात टाकतात, नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतील इतकं द्रावण गढूळ झालं तर पॉझिटिव्ह. पण माणूस वाहक (स्वतः सहसा आजारी नसतो, पण आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो) आहे की रुग्ण, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली दुसरी चाचणी, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी भरवशाची नाही, आणि नुकतंच रक्त चढवलेल्या रुग्णातही निकाल फसवा येतो. प्रत्यक्षात गाडी अडते ती दोन चाचण्यांच्या मध्ये. शिबिरात पहिली चाचणी होते, नमुना पुढे जातो, अहवाल घरी येत नाही. घरातले मधल्या काळात ‘पोराला सिकलसेल निघाला’ असं धरून चालतात, किंवा सगळं विसरून जातात. दोन्ही वाईट. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून तो दुसरा कागद लग्नाआधी हातात असणं मोलाचं.

म्हणजे मोजण्याजोगा प्रश्न असा: पहिली चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांच्या हातात दुसऱ्या चाचणीचा कागद आहे, आणि तो यायला किती दिवस लागले? याच्यासमोर पदनाम लिहिता येतं.

एक धोरणाचा मुद्दा उत्तर नागपुरातल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे, पण तिचा भर आदिवासी भागांवर आहे. विदर्भात हा आजार अनुसूचित जाती आणि काही ओबीसी समाजांतही आहे. शहरातल्या वस्तीला तपासणीत धरा, ही मागणी त्यामुळे आगाऊपणाची ठरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तोही आधार हाताशी असू द्या.

मोजणी

ताप आला तर पहिले कुठे जाता, किती खर्च झाला, असल्या प्रश्नांना प्रत्येक पाचवं घर पुरतं. ३०० घरांची वस्ती असेल तर ६० घरं. चिठ्ठी टाकून सुरुवातीचं घर ठरवा, नाहीतर सगळी ओळखीची घरं येतात. सिकलसेलला मात्र ही पद्धत चालत नाही. ६० घरांत पॉझिटिव्ह मोजकेच निघतील, आणि तीन-चार जणांवरून निघालेली टक्केवारी अधिकारी एका वाक्यात उडवतो. तिथे सगळी ३०० घरं करा, पण प्रश्न दोनच विचारा. एका महिला आरोग्य समितीकडे ५० ते १०० घरं असतात, म्हणजे तीन-चार समित्यांनी वाटून घेतली तर दोन रविवारांचं काम.

दुपारी गेलात तर म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतात. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी सकाळी जा. एप्रिल-मे सोडाच, त्या उन्हात दार उघडणाराही उत्तर आटोपतं घेतो.

भाषेवर मेहनत घ्या. ‘आपण शासकीय आरोग्य सेवेबाबत समाधानी आहात काय?’ याला सगळे ‘हो’ म्हणतात आणि तो ‘हो’ कामाचा नसतो. ‘मांगच्या वेळी लेकरू बिमार पडलं तं पहिले कुठं नेलं? किती पैसे लागले?’ याला खरं उत्तर मिळतं. मोमीनपुऱ्यात हाच प्रश्न हिंदीत लिहून न्या, दारात उभं राहून भाषांतर करत बसू नका. प्रत्येक जण वेगळं भाषांतर करतो आणि उत्तरं जुळत नाहीत.

वहीत रकाने पाच: घराचा क्रमांक, वय, पहिली चाचणी कोणत्या महिन्यात, ‘कागद आहे म्हणाले’, आणि ‘कागद डोळ्यांनी पाहिला’. शेवटचे दोन वेगळे ठेवा. आहे म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या पेटीतून रक्तगटाचा किंवा हिमोग्लोबिनचा कागद निघतो. निकालाचा रकाना काढूच नका. वाहक की रुग्ण, हे तुम्हाला कळायची गरज नाही. तुमची मागणी अहवाल पोचण्याबद्दल आहे. नाव आणि निकाल एका ओळीत असलेली वही वस्तीत फिरली तर एखाद्या पोरीचं लग्न मोडतं. लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या घरात तिची आई ओट्यावर उत्तर देणार नाही. एकट्या ताईने आत जाऊन बसावं, बाकीच्यांनी पुढच्या घरी जावं.

आशाताईंना सोबत घ्या, पण अहवालात त्यांचं नाव घालू नका. त्यांचा मोबदला कामावर ठरतो. तुमच्या कागदामुळे त्यांना जाब विचारला गेला तर पुढच्या वेळी वस्तीतलं एक दार बंद.

माहिती अधिकार, पण जपून

तुमच्या आकड्याशेजारी सरकारी आकडा हवा. आधी केंद्रात तोंडी विचारा, बरेचदा मिळतो. नाही मिळाला तर अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. ‘अहवाल का येत नाहीत?’ असं लिहिलंत की अर्ज वाया. कायद्यात मिळतो तो नोंदीतला मजकूर, कारणमीमांसा नाही. असं लिहा: ‘१ एप्रिल ते ३१ मार्च या काळात या केंद्रात झालेल्या सोल्युबिलिटी चाचण्या, त्यातील पॉझिटिव्ह, पुढील तपासणीस पाठवलेले नमुने आणि प्राप्त अहवाल यांची महिनावार संख्या.’ रुग्णांची नावं मागू नका, त्याच कारणाने नकार येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. पहिलं अपील त्यानंतरच्या ३० दिवसांत.

निवेदन

एक पान. विषयाच्या ओळीत मागणी, पहिल्या परिच्छेदात आकडा, दुसऱ्यात नेमकं काय करावं आणि कधीपर्यंत. उदाहरणार्थ: नमुना घेतल्यापासून २१ दिवसांत अहवाल केंद्रात यावा, आणि दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी एएनएम सिस्टरने ते बंद पाकिटात द्यावेत. वर पाठवण्याआधी हे पान केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा तुमची एक चूक काढतील, आणि ती त्यांनी काढलेली बरी. कधी तेच सांगतात की नमुने न्यायला वाहनच नाही. मग मागणी बदलते, सहीही बदलते.

दोन प्रती न्या, आवक-जावक टेबलावर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांना निवेदन देतानाचा फोटो ही पोच नव्हे, कितीही लाईक मिळोत. पंधरा दिवसांनी तोच क्रमांक टाकून स्मरणपत्र.

वेळ

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण पैशाचं ठरतं त्याच्या कितीतरी आधी. महापालिकेच्या अंदाजपत्रकात काही यावं असं वाटत असेल तर दिवाळीच्या आसपास निवेदन टेबलावर असावं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा अलीकडे दोन वर्षांचा एकदम होतो, २०२२-२४ आणि २०२४-२६ असा. नव्या पदाची मागणी त्यात हुकली की पुरवणीची वाट पाहा.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा अधिकाऱ्यांची भेट मागू नका. ते विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात बुडालेले असतात, आणि अर्धं शहर मोर्चांनी अडलेलं. अधिवेशनाचा उपयोग वेगळा आहे. दीड-दोन महिने आधी आमदारांच्या कार्यालयात अर्धं पान द्या, त्यात ज्यांचं उत्तर आकड्यात द्यावं लागेल असे तीन प्रश्न. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं) लागला तर खालचं टेबल तुमची फाईल आपणहून शोधतं.

भेटीत तिघेच जा. एकाने आकडा सांगावा, एकाने मागणी, तिसऱ्याने फक्त लिहावं. दहा जण गेले की प्रत्येक जण आपल्या घरचं गाऱ्हाणं काढतो आणि साहेब ज्याचं सोपं त्यालाच उत्तर देतात. ‘बघतो’ हे उत्तर आलं तर उठण्याआधी विचारा: ‘साहेब, पुढची विचारपूस कोणत्या टेबलावर करू?’ मिळालेलं पदनाम वहीत उजवीकडे लिहा.

आदेश निघाला तर त्याची प्रत घ्या, आणि पुढचे तीन महिने ठरलेल्या दिवशी केंद्रात जाऊन दोनच गोष्टी पाहा: किती पाकिटं आली, किती वाटली गेली. न वाटलेली पाकिटं टेबलाच्या खणात सापडली तर नवं निवेदन लिहू नका. त्या भागाच्या सिस्टरकडे किती वस्त्या आहेत ते आधी विचारा.