हरिपूरची म्हैस आणि माझी गेम डेव्हलपमेंटची डिग्री

२०२१ ला मी पुण्यात गेम डेव्हलपमेंटच्या बीएस्सीला ॲडमिशन घेतलं तेव्हा पप्पांचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता गेम खेळायची फी भरायची व्हय?" पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, हिशोबात बसत नाही ते त्यांना पटत नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही धड उत्तर देता आलं नाही. आमच्या बॅचची बारावीची परीक्षाच झाली नव्हती, अभ्यासाची सवय मोडलेली, डोक्यात एवढंच की आपल्याला गेम आवडतात ना मग जमतंय की. नाही जमत भावांनो, खेळणं वेगळं आणि बनवणं वेगळं, खवय्याला लगेच आचारी म्हणून कोण ठेवत नाही.

पहिल्या सेमिस्टरलाच अर्धा वर्ग गणित बघून गार पडला. बारावीत व्हेक्टरचा धडा ऑप्शनला टाकला असेल तर तो आत्ताच काढून वाचा. शत्रू तुमच्याकडं बघतोय का पाठ करून उभा आहे हे गेमला कसं कळतं, तर त्याची नजर ज्या दिशेला आहे तो एक व्हेक्टर, म्हणजे दिशा असलेला बाण, आणि त्याच्यापासून तुमच्यापर्यंतचा दुसरा, दोघांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे एक प्रकारचा गुणाकार, काढायचा, उत्तर धन आलं तर तुम्ही त्याच्या पुढं, ऋण आलं तर मागं. हे कळलं त्या दिवशी मला बारावीच्या सरांची माफी मागावीशी वाटली.

दुसरा दणका प्रॅक्टिकलला. माझ्या गेममधली होडी नदीतून मस्त संथ जायची, सबमिशनला लॅबच्या कॉम्प्युटरवर लावली तर रॉकेटसारखी सुटली, सर हसायला लागले. कारण एकदम साधं, मी प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बदलेल तसं, होडी ठराविक अंतर पुढं ढकलत होतो, माझा जुना लॅपटॉप सेकंदाला ३० फ्रेम काढायचा आणि लॅबचा १२०, म्हणजे वेग चौपट. वेगाला डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून जेवढा वेळ गेला तेवढ्याने गुणायचं, झालं काम. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे, पण तोंडावर पडल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

कोडिंग, आर्ट, साउंड, डिझाइन, टेस्टिंग सगळं थोडं थोडं शिकवतात, दुसऱ्या वर्षापर्यंत एक धरा. आणि डिझायनर म्हणजे आयडिया देणारा माणूस हे डोक्यातून काढा, आमच्यातली डिझायनर पोरगी दिवसभर एक्सेलमध्ये असायची, कुठल्या लेव्हलला किती नाणी, किती वेळ, किती नुकसान.

आता मुद्द्याची गोष्ट. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला सगळे ड्रॅगन आणि झॉम्बी करत होते, मी म्हटलं आपण महापूर करू. २०१९ च्या ऑगस्टला मी अकरावीत होतो, आमचं घर हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, त्यामुळे पाणी कसं चढतं ते कुणाला विचारायला नको. गेम साधा, एक घर, एक अंगण, पायरी पायरीने वर येणारं पाणी, आणि पाणी येईपर्यंत जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचं. घड्याळ लावलंच नाही, पाणी हेच घड्याळ. हळदीची पोती, कागदपत्रं, गॅसची टाकी. अंगणात एक पेव पण ठेवलं, जमिनीखालचं, आमच्याकडं हळद साठवायचे तसलं. गोठ्यात म्हैस होती पण ती नुसती शोभेला, तिच्यावर एक ओळ कोड नव्हता.

पुण्याच्या रूममेटला खेळायला दिला. गड्याने सगळी पोती धडाधड पेवात टाकली, साठवायची जागा दिसली ना म्हणून, आणि पाणी पहिल्यांदा पेवातच शिरलं. भडकला, म्हणे गेम फसवतोय. दिवाळीत घरी आलो तर आईच्या मोबाइलवर बिल्ड, म्हणजे खेळता येईल असा तयार गेम, टाकून दिलं, कारण कीबोर्ड तिला झेपणारा नव्हता. तिने पेवाकडं बघितलंसुद्धा नाही, २००५ च्या पुरात पेवांचं काय झालं ते तिला माहीत आहे. ती सरळ गोठ्यात गेली आणि म्हशीवर बोट दाबत बसली. दाबतीय, दाबतीय, काहीच होईना. मला म्हणाली, "दावं कुठनं सोडायचं रे?"

मी चार महिने पाण्याच्या शेडरवर, म्हणजे पाणी खरं दिसावं म्हणून लिहायच्या कोडवर, घासली होती आणि म्हशीचं दावं सुटत नव्हतं.

परत गेल्यावर दोन आठवडे फक्त दावं सोडण्यावर काम केलं. म्हैस सोडली की ती हळू चालते, तुमचा वेळ खाते, एक पोतं कमी वाचतं, आणि गेमला खरी मजा तिथनं आली. पेव पण ठेवलं, फक्त आत डोकावलं की तळाला ओल दिसेल असं केलं, म्हणजे हरणारा गेमला शिव्या देणार नाही, स्वतःला देईल. दुसऱ्याला खेळायला द्याल तेव्हा शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा, मला तर हात मांडीखाली दाबून बसायला लागायचं.

एक चूक सांगतो. आम्ही गेम युनिटी नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करत होतो, सप्टेंबर २०२३ ला त्या कंपनीने प्रत्येक इन्स्टॉलमागं फी लावायचं जाहीर केलं आणि आम्ही घाबरून अर्धा झालेला प्रोजेक्ट गोडो या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवला, तीन आठवडे पाण्यात. ती फी मोठ्या कमाईवाल्या गेमला होती, आमच्या गेमला दोनशे डाउनलोड नव्हते, आणि वर्षभरात त्यांनी ती मागं पण घेतली. गोडो चांगलं आहे, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, नवीन पोरांनी त्यानेच सुरू करावं असं माझं मत आहे, पण मध्येच घोडा बदलू नका.

ॲडमिशन घेताना ब्रोशरमधली काचेची बिल्डिंग बघू नका. मागच्या बॅचच्या पोरांचे पूर्ण झालेले गेम दाखवा म्हणा, शिकवणाऱ्याने स्वतः कुठला गेम बाजारात आणलाय ते विचारा, हातात डिग्री येणार का नुसतं सर्टिफिकेट ते लेखी घ्या. आम्हाला शंभर टक्के प्लेसमेंट सांगितली होती, प्रत्यक्षात दोन कंपन्या आल्या, त्यातली एक इन्शुरन्स विकणारी.

मला काम मिळालं ते टेस्टिंगचं, माझं मीच शोधलं. इंटरव्ह्यूला मार्कशीट बाजूला ठेवली आणि मॅडमनी फोन मागितला, गेम लावला. पोती उचलली आणि चालल्या पेवाकडं. मी हात मांडीखाली घातले. झाकणापाशी थांबल्या, आत डोकावल्या, ओल बघितली, मग मागं वळून गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "एक मिनिट, ही म्हैस सुटते का?"