मार्साश्लोकला जाताय? या चुका टाळा

नोकरीसाठी माल्टात आले, त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी रंगीत होड्यांचं मार्साश्लोक गाव बघायला बसमध्ये चढले, ड्रायव्हरला ‘मार्सा’ असं सांगितलं आणि त्याने मला बरोबर मार्सालाच उतरवलं. समोर गोदामं, मोठे रस्ते, गाड्या दुरुस्त करणारी गॅरेजं. रंगीत होड्यांचा कुठे पत्ता नाही.

माल्टी भाषेत ‘मार्सा’ म्हणजे बंदर. शब्द अरबीतून आलेला, आणि या बेटाला बंदरं भरपूर. मार्सा वेगळं, मार्सास्काला वेगळं, आणि रंगीत होड्यांचं, मासळीबाजाराचं जे गाव ते मार्साश्लोक. नकाशावर त्याच्या स्पेलिंगमध्ये एक्स दिसतो म्हणून आपले लोक ‘मार्साक्सलोक’ म्हणतात आणि समोरच्याला काही कळत नाही. माल्टी भाषेत एक्सचा उच्चार ‘श’ होतो. मार्सा आणि पुढे आपला ‘श्लोक’, एवढं लक्षात ठेवलं की झालं. श्लोक हे तिथे आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याचं नाव आहे. या वाऱ्याकडे पुढे परत यायचंच आहे, कारण त्याच्याकडे दुर्लक्ष करणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक.

राजधानी व्हॅलेटाच्या मुख्य बसस्थानकावरून ८१ आणि ८५ नंबरच्या बस या गावाला जातात. निघायच्या दिवशी फोनवर मार्ग एकदा तपासून घ्या. तिकीट २ तास चालतं, त्यात बस बदलता येते, म्हणून ते फेकून देऊ नका. आख्खा माल्टा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या मुंबईच्या जवळपास निम्मा. अंतरं कमीच आहेत, पण त्या भरवशावर दुपारी निघू नका.

रविवारीच जायचा हट्ट

प्रत्येक यादीत लिहिलेलं असतं की रविवारचा मासळीबाजार चुकवू नका. म्हणून सगळे रविवारीच येतात, आणि तेही अकराच्या सुमारास. तोवर मासे बरेचसे विकले गेलेले असतात. उरतात ते टेबलक्लॉथ, फ्रिजवर लावायचे मॅग्नेट, नुगाची मिठाई, मध, केपर्सच्या बरण्या आणि माणसांची दाटी. परतताना बस आधीच्या स्टॉपवरच भरलेली असते आणि तुमच्या समोरून न थांबता निघून जाते.

बाजारच बघायचा असेल तर रविवारी सात-साडेसातला तिथे पोहोचा. त्या वेळी गावातल्या बायका पिशव्या घेऊन आठवड्याची मासळी घ्यायला आलेल्या असतात. त्यांच्यामागे उभं राहून त्या काय घेतात ते बघावं. पण माझं ऐकाल तर मंगळवार-बुधवारची सकाळ निवडा. रविवारचा मासळीबाजार नसतो, पण बंदर असतं. कोणी जाळं पसरून त्यातली फाटकी जागा शोधत असतो, कोणी इंजिन उघडून बसलेला असतो, मांजरं वाट बघत असतात. वेसावे किंवा मालवणच्या किनाऱ्यावर सकाळ काढलेल्या माणसाला इथे ओळख करून घ्यावी लागत नाही.

वारा न बघता निघणं

मार्साश्लोकचा उपसागर आग्नेयेला उघडा आहे. वायव्येच्या वाऱ्यात इथलं पाणी बशीतल्यासारखं शांत राहतं. श्लोक सुटला की तेच पाणी थेट धक्क्यावर चढतं, होड्या दोरांना हिसके देतात, आणि तुम्ही ज्या चित्रासाठी आलात ते चित्र नसतंच.

डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश आणि सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह याच उपसागरात भेटले होते. भेटी युद्धनौकांवर व्हायच्या होत्या. पण समुद्र इतका खवळला की धक्क्याला लागलेल्या ‘मक्सिम गोर्की’ या सोव्हिएत प्रवासी जहाजावर बोलणी करावी लागली. त्यातली दुपारची एक बैठक तर रद्दच झाली, कारण आपल्या जहाजावर परतलेले बुश पुन्हा येऊच शकले नाहीत. दोन महासत्तांच्या प्रमुखांना जो समुद्र थांबवतो, त्याच्यापुढे तुमच्या-माझ्या सहलीचं काय?

म्हणून हवामानाच्या ॲपमध्ये तापमानासोबत वाऱ्याची दिशाही बघा. वारा वायव्येचा असेल तर बिनधास्त जा. पूर्व किंवा आग्नेयेचा जोरदार असेल तर त्या दिवशी व्हॅलेटा बघा, मार्साश्लोक उद्यावर टाका.

सेंट पीटर्स पूल या खडकातल्या नैसर्गिक कुंडाच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नका. गावापासून डेलिमाराच्या टोकाकडे चालत अर्धा-पाऊण तास लागतो. वाटेत सावली नाही, पाण्याशी जीवरक्षक नाही. खडकावरून उड्या मारणारी पोरं बघून आपल्यालाही मोह होतो. पण आत सोडणारी लाट परत बाहेर येऊ देईलच असं नाही. धक्क्यावरून छोट्या बोटी तिथे सोडतात, त्याने जायला हरकत नाही, फक्त परतीची वेळ आणि पैसे आधी ठरवा. गाडीने गेलात तर आत पिशवी, पासपोर्ट काही ठेवू नका.

होडी म्हणजे फोटोमागचा पडदा समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते.

गेल्या सप्टेंबरात माझी आत्या मालवणहून आली होती. तिचं बालपण होड्यांमध्ये गेलेलं. धक्क्यावर उतरल्या उतरल्या ती एका होडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, जाऊन वाकली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. “आत्या, काय बघतेस?” म्हटलं तर म्हणाली, “हिला डोळे आहेत गो.”

खरंच असतात. लुत्सू म्हणजे इथली पारंपरिक रंगीत होडी. तिच्या नाळेवर दोन्ही बाजूंना एकेक डोळा. लाकडात कोरलेला, वर भुवई, मध्ये काळं बुबुळ. जवळून पाहिलं तर रंगाचे थरावर थर दिसतात, कारण दरवर्षी जुन्या रंगावरच नवा चढतो, आणि भुवईची धार त्याने बोथट झालेली असते. कोणी याला ओसिरिस या इजिप्शियन देवाचा डोळा म्हणतं, कोणी होरस या देवाचा, आणि ही रीत प्राचीन फिनिशियन खलाशांपासून चालत आली असं मानतात. अर्थ सोपा आहे: होडीला पुढचा रस्ता दिसावा आणि तिला कोणाची नजर लागू नये. नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवून तिची पूजा करणाऱ्या माणसांना हे समजावून सांगायला लागत नाही.

दोन्ही टोकांना निमुळती ती लुत्सू. मागचं टोक कापल्यासारखं सपाट असेल तर ती कय्यिक, बहुतेक आकारानेही लहान. पोस्टकार्डावर दोघींनाही लुत्सूच म्हणतात. पिवळा, निळा, लाल, हिरवा असे पट्टे असतात, आणि नाळेच्या वरच्या भागात जो पट्टा मिशीसारखा दोन्हीकडे वळतो त्याला ‘मुस्ताच’, म्हणजे मिशीच म्हणतात. पूर्वी त्याच्या रंगावरून होडी कुठल्या गावची ते कळायचं. घरात मृत्यू झाला की तो पट्टा काळा रंगवायची जुनी रीत आहे. त्यामुळे एखादी होडी बाकीच्यांसारखी भडक दिसली नाही म्हणून तिला फोटोतून वगळायच्या आधी जरा थांबा.

आता फोटोच्या नादात लोक काय करतात? धक्क्याला बांधलेल्या होडीत उतरतात. पोरांना काठावर बसवतात. वाळत घातलेल्या जाळ्यावरून चपला घालून चालतात. जाळं कुठेतरी अडकून फाटतं आणि त्या माणसाची सगळी दुपार ते जोडण्यात जाते. आत्या आली होती त्या दिवशी मी एका म्हाताऱ्या कोळ्याला पाहिलं होतं. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड ताणून धरलेली, हातात प्लास्टिकची सुई, एकेक घर मोजून गाठ मारत होता. समोर कॅमेरा धरून कोणी उभं राहिलं तरी मान वर करत नव्हता. मी ‘बोंजू’ म्हटल्यावर मात्र केली. आधी नमस्कार, मग विचारणं, मग फोटो. माल्टी येत नसलं तरी अडत नाही, इंग्रजी इथली अधिकृत भाषाच आहे. निघताना ‘ग्रात्सी’ म्हणा.

होड्यांचे फोटो सकाळी काळे येतात अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. कारण एवढंच की धक्क्यावरून समुद्राकडे तोंड केलं की सकाळचं ऊन समोरून येतं. दुपार कलल्यावर तेच ऊन पाठीमागून पडतं आणि रंग खुलतात. किंवा सकाळी होड्यांना वळसा घालून धक्क्याच्या टोकाशी जा आणि गावाकडे, चर्चच्या बाजूला तोंड करून उभे राहा.

आणि चौकटीत पलीकडचं वीजकेंद्र किंवा कंटेनर बंदराच्या क्रेन आल्या म्हणून हिरमुसू नका. त्या कापून काढायला लोक किती वाकडेतिकडे होतात! या उपसागरात १५६५ मध्ये तुर्की आरमाराने नांगर टाकला होता, आज मालवाहू जहाजं येतात. हे कायमच कामाचं बंदर राहिलं आहे.

मासा न तोलता ऑर्डर देणं

धक्क्यावरच्या हॉटेलांत आख्ख्या माशाचा भाव बहुतेक वेळा किलोवर असतो. मेनूत आकडा दिसतो तो किलोचा, आपण तो एका ताटाचा समजतो. माझ्या मावसभावाच्या कुटुंबाने असाच एक मोठा मासा मागवला आणि बिल पाहून सगळ्यांची तोंडं उतरली. हॉटेलने फसवलं नव्हतं, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणून मासा ताटलीत दाखवायला आणतील तेव्हाच वजन करायला सांगा आणि त्याचे किती युरो होतील ते शिजवायच्या आधी विचारा. यात संकोच कसला? ससून डॉकला आपण असे गप्प बसतो का?

दुसरा प्रश्न विचारायचा तो म्हणजे आज समुद्रातून काय आलंय. स्पनोत्ता (सी बास) आणि आव्राता (सी ब्रीम) हे मासे बारा महिने मिळतात, कारण त्यांची शेती होते. चवीला वाईट नाहीत, पण त्यासाठी एवढ्या लांब यायचं कारण नाही. ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत मात्र लाम्पुकीचा हंगाम असतो. लाम्पुकी म्हणजे इतरत्र ज्याला माही-माही म्हणतात तो मासा. तो पकडायची पद्धत फार जुनी आणि हुशारीची आहे. माडाच्या जातीच्या झाडांच्या झावळ्यांचे तराफे समुद्रात तरंगत सोडतात, खाली चुनखडीच्या दगडाचं वजन. मासे सावलीला जमतात आणि मग भोवती जाळं टाकतात. आत्याला बाजारात लाम्पुकी दिसली तेव्हा ती हळहळली, “पाण्यातून काढली तेव्हा काय झळकत असेल!” कारण हिरवा-सोनेरी रंग मेल्यावर उतरत जातो, टोपलीत फक्त त्याची छटा उरते. हंगामात आलात तर लाम्पुकीचा ‘पाई’ खा, म्हणजे पिठाच्या पारीत मासा भरून भाजलेला पदार्थ. हंगाम नसेल तर अल्योत्ता, लसूण-टोमॅटोचं माशाचं पातळ सूप. त्यात भात असतो, आपल्या माणसाला लगेच रुचतं.

बाजारात मासा घेताना आपल्या सवयीने कल्ले उघडून बघायला हात पुढे जातो. इथे ते चालत नाही. विक्रेत्याला सांगा, तो स्वतः दाखवेल, साफही करून देईल. आणि राहायच्या जागी स्वयंपाकघर नसेल तर मोहात पडू नका.

शाकाहारी मंडळींची फसगत वेगळीच होते. टोमॅटो लावलेला पाव म्हणून ‘होब्झ बिझ-झेत’ मागवतात आणि आत ट्यूना निघतो. तो नको असं आधी सांगावं लागतं. पास्टित्सी, म्हणजे पापुद्र्यांची सारण भरलेली खारी, चीजची किंवा वाटाण्याची असते, पण पारीत कधी कधी डुकराची चरबी वापरतात, तेही विचारा. सुक्या बाकल्याच्या दाण्यांचा लसूण घातलेला ठेचा, बिगिल्ला, हा निर्धोक. कडक पावाबरोबर पोटभर होतो.

परतीचा स्टॉप

उतरलात तिथेच परतीची बस मिळेल असं धरून चालू नका. आल्या आल्या व्हॅलेटाकडे जाणाऱ्या बसचा थांबा बघून ठेवा. रविवारी जेवणानंतर सगळं गाव एकदम रिकामं व्हायला लागतं, म्हणून एक तर दुपारच्या आधी निघा, नाहीतर सरळ संध्याकाळपर्यंत थांबा. आम्ही थांबलो होतो. आत्याला त्या म्हाताऱ्याचं जाळं पुरं झालेलं बघायचं होतं.