वायबीसीओची गोळी चुंबक उचलत नाही? या चुका टाळा

यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची, म्हणजे वायबीसीओची काळीभोर गोळी तयार होते, लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडते, वर छोटा चुंबक ठेवला जातो आणि तो तरंगायचं सोडून ढिम्म हलत नाही. वायबीसीओ हा अतिसंवाहक, म्हणजे पुरेसा थंड झाला की विरोधाशिवाय वीज वाहू देणारा आणि चुंबकाला दूर ढकलणारा पदार्थ. एम.एस्सी.च्या प्रकल्पांत हे नेहमीचंच. मग संशय येतो वजनांवर, नाहीतर पावडरच्या शुद्धतेवर. माझा पहिला संशय मात्र गोळी थंड कशी केली यावर असतो.

९४० अंश सेल्सिअसला भाजून झालं, घरी जायची घाई, भट्टी बंद आणि गोळी चिमट्याने बाहेर. इथेच घात होतो. त्या तापमानाला बराच ऑक्सिजन निघून गेलेला असतो. सूत्रातला (YBa₂Cu₃O₇) ऑक्सिजनचा ७ चा आकडा ६.२-६.३ वर उतरलेला असतो आणि स्फटिक टेट्रागोनल, म्हणजे a आणि b या दोन बाजू सारख्या असलेला, झालेला असतो. झटकन थंड केला की तो तसाच अडकतो, आणि असा वायबीसीओ अतिसंवाहक तर सोडाच, धड वाहकही नसतो.

कारण रचनेत आहे. अतिसंवाहकता घडते ती तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलांमध्ये, म्हणजे सपाट थरांमध्ये. पण त्या प्रतलांना होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन प्रभारासारख्या वाहतात) पुरवतात शेजारच्या तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या. तापवल्यावर निघून जातो तो या साखळ्यांतलाच ऑक्सिजन. सावकाश थंड करताना तो परत येतो आणि एकाच दिशेने रांगेत बसतो. म्हणून a अक्ष ३.८२ आणि b अक्ष ३.८९ अँगस्ट्रॉम असा फरक पडतो, स्फटिक ऑर्थोऱ्हॉम्बिक, म्हणजे तिन्ही बाजू वेगळ्या असलेला, होतो. ऑक्सिजन ६.९ च्या वर गेला तर संक्रमण तापमान (ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो) ९० केल्विनच्या पुढे, ६.६ च्या आसपास साधारण ६० केल्विन. लिक्विड नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला. म्हणजे ६० केल्विनची गोळी अतिसंवाहक असूनही तुमच्या प्रयोगात नापासच होणार.

ऑक्सिजनचा नुसता आकडाही पुरत नाही. ऑक्सिजन कमी असलेला नमुना एकदम थंड करून खोलीच्या तापमानाला ठेवून दिला, तर काही दिवसांत त्याचं संक्रमण तापमान आपोआप चढतं. ऑक्सिजन तेवढाच असतो, फक्त विस्कळीत अणू सरकून साखळ्या जुळतात. मला या सगळ्या विषयातलं हे सर्वांत देखणं निरीक्षण वाटतं.

तेव्हा भाजल्यानंतर गोळी ऑक्सिजनच्या प्रवाहात हळूहळू उतरवा आणि ४५० अंशांच्या आसपास बराच वेळ, शक्यतो रात्रभर, ठेवा. काम लवकर उरकावं म्हणून तापमान वाढवू नका. जास्त तापमानाला ऑक्सिजन आत जाण्याऐवजी बाहेर पडतो. गोळी फार घट्ट दाबली असेल तर आतपर्यंत ऑक्सिजन पोहोचायला आणखी वेळ द्या. (सिलिंडरच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, आग लागते.)

काम झालं की नाही हे गोळीच्या रंगावरून ठरवू नका. ऑक्सिजन देण्याआधी आणि नंतर वजन करा: २ ग्रॅमच्या गोळीत ६.३ पासून ६.९ पर्यंत मजल मारली तर सुमारे २९ मिलिग्रॅम वाढायला हवेत. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासण्याचं यंत्र) मिळत असेल तर ४६ ते ४८ अंशांच्या पट्ट्यात पाहा. a आणि b वेगळे झाले असतील तर तिथली शिखरं फुटलेली दिसतात. c अक्षही बोलका असतो: भरपूर ऑक्सिजन असताना ११.६८ अँगस्ट्रॉम, ऑक्सिजन गेला की ११.८ च्या वर.

गोळीवर हिरवट डाग दिसले तर गोष्ट वेगळी. तो दुसराच संयुग-प्रकार, ज्याला लॅबमध्ये '२११' म्हणतात. प्रमाण चुकलं, मिश्रण नीट खललं नाही किंवा तापमान हजार अंशांच्या पुढे गेलं की तो येतो. कच्च्या मालातलं बेरियम कार्बोनेट हट्टी असतं, एका भाजणीत पुरतं फुटत नाही. दळून पुन्हा भाजा. अ‍ॅल्युमिनाच्या मुशीतलं अ‍ॅल्युमिनिअमही साखळ्यांमधल्या तांब्याच्या जागा बळकावतं, म्हणून गोळीखाली त्याच पावडरीचा थर द्या.

आणि यावरून 'ऑर्थोऱ्हॉम्बिक चांगलं, टेट्रागोनल वाईट' असं सूत्र पाठ करू नका. पाऱ्याचं एकाच प्रतलाचं क्युप्रेट (तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलांचं संयुग) टेट्रागोनल असूनही ९० केल्विनच्या वर अतिसंवाहक होतं. उलट वायबीसीओत यिट्रियमच्या जागी प्रासिओडिमियम घातलं की साखळ्या जागेवर असूनही अतिसंवाहकता सहसा नाहीशी होते.

चुंबक तरंगला, पण गोळीतून जास्त विद्युतप्रवाह जात नाही, ही तक्रारही येते. त्यासाठी पुन्हा भट्टी पेटवू नका. गोळीतल्या कणांची प्रतलं वाटेल त्या दिशेला वळलेली असतात आणि दोन कणांमधला कोन वाढला की सीमेवरून जाणारा प्रवाह झपाट्याने घटतो. वायबीसीओच्या तारा बनवणारे म्हणूनच धातूच्या पट्टीवर सगळे कण काही अंशांच्या आत एका दिशेला लावून घेतात. साध्या दाबलेल्या गोळीत ते होत नाही.