हॉकीपटूचे मोल आकड्यांतून कसे पारखावे

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुष संघाने आठ सामन्यांत १५ गोल केले आणि त्यांतील १० एकट्या हरमनप्रीत सिंगच्या नावावर लागले. गोलांच्या यादीवरून संघाचे दोन तृतीयांश आक्रमण एकाच खेळाडूने पेलले असे कोणीही म्हणेल. परंतु त्या १० गोलांपैकी ७ पेनल्टी कॉर्नरवर (बचावपटूच्या चुकीमुळे मागच्या रेषेवरून चेंडू देऊन मिळणारी संधी) आणि ३ पेनल्टी स्ट्रोकवर (फक्त गोलरक्षकासमोर घ्यायचा फटका) आले. चालू खेळातला त्यांत एकही नाही. म्हणजेच बहुतेक वेळी आधी कोणीतरी सर्कलमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, चेंडू पोहोचवला होता, कोणीतरी बचावपटूला चूक करायला भाग पाडले होते, आणि त्या खेळाडूचे नाव गोलांच्या यादीत कुठेच सापडत नाही. हरमनप्रीतची ड्रॅग-फ्लिक (चेंडू काठीने ओढत आणून गोलकडे भिरकावणे) जगातील उत्तम फ्लिकपैकी आहे, यात शंका नाही. मात्र खेळाडूची पारख करायची असेल, तर प्रत्येक आकडा कोणाच्या कामातून, किती वेळात आणि कोणत्या परिस्थितीत निर्माण झाला, हे त्या आकड्याच्या शेजारीच लिहिले पाहिजे.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. हॉकी इंडिया लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्या हंगामातील सामने राउरकेला व रांची येथे झाले. नाशिकमध्ये घरी बसून असे सामने पाहणाऱ्या दोघांनी मेन रोडवरून चौकटींची एक वही आणली, तरी काम सुरू होते. एकाने पडद्यावरून नजर न हलवता बोलायचे आणि दुसऱ्याने फक्त लिहायचे, ही विभागणी कटाक्षाने पाळावी, कारण एकच माणूस पाहू आणि लिहू लागला, की मान खाली गेलेल्या क्षणीच चेंडू हिसकावला जातो. बोलणाऱ्याचे वाक्य ठरावीक साच्यातले असावे : ‘दुसरे सत्र, सातवे मिनिट, आठ नंबर, डावीकडून आत, चेंडू पायाला, कॉर्नर.’ लिहिणाऱ्याने त्याची एक ओळ करावी : सत्र, मिनिट, खेळाडूचा क्रमांक, बाजू, कृती, निष्पत्ती. सामना संपल्यावर ध्वनिचित्रफीत उपलब्ध असेल, तर एखादे सत्र दोघांनी स्वतंत्रपणे पुन्हा नोंदवावे आणि दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात. ‘टॅकल’ कशाला म्हणायचे यावरच दोघांचे एकमत नसेल, तर त्या रकान्यातील बेरजेला काही अर्थ उरत नाही.

आघाडीच्या आणि मध्यफळीतील खेळाडूंसाठी सर्वांत उपयुक्त नोंद म्हणजे सर्कलमधील प्रवेश. चालू खेळात चेंडूला सर्कलच्या आत आक्रमक खेळाडूची काठी लागल्याशिवाय गोल ग्राह्य धरला जात नाही, त्यामुळे आक्रमणाची सारी वाट त्या अर्धवर्तुळातूनच जाते. गोल मोजकेच होतात. प्रवेश मात्र एका सामन्यातही बरेच होतात आणि म्हणून त्यांवरून खेळाडूचा कल लवकर दिसतो. आइस हॉकीच्या अभ्यासकांनी हेच तत्त्व आधी वापरले. जिम कॉर्सी या गोलरक्षक प्रशिक्षकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजमापात गोलजाळ्यावर गेलेले, बाहेर गेलेले आणि मध्येच अडवले गेलेले सर्व फटके धरतात, कारण केवळ गोल मोजले तर हाती फार थोडे पुरावे लागतात. मैदानी हॉकीत प्रत्येक प्रवेशासमोर चार निष्पत्तींपैकी एक लिहावी : फटका, पेनल्टी कॉर्नर, गोल, किंवा चेंडू गमावला. एखादा विंगर सामन्यात १० वेळा आत शिरत असेल आणि ८ वेळा चेंडू गमावत असेल, तर दूरचित्रवाणीवर तो जितका धारदार वाटतो तितका उपयोगी नसतो. याउलट चारच वेळा आत येऊन दोन कॉर्नर मिळवून देणारा खेळाडू समालोचकाच्या तोंडी क्वचित येतो. माझ्या मते संघनिवडीत सर्वाधिक अन्याय या दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूवर होतो. प्रवेशाच्या आधीचा पास कोणी दिला, हेही त्याच ओळीत लिहावे.

पेनल्टी कॉर्नरची नोंद तर साखळी म्हणूनच करावी लागते. इंजेक्टरने मागच्या रेषेवरून चेंडू किती वेगाने आणि किती सरळ दिला, स्टॉपरने तो जागच्या जागी थांबवला की तो काठीवरून उसळला, आणि त्यानंतर फ्लिक कोठे गेली, हे तीन रकाने वेगळे हवेत. चेंडू नीट न थांबल्यामुळे वाया गेलेला कॉर्नर फ्लिकरच्या अपयशात जमा केला, तर त्याची टक्केवारी विनाकारण खाली येते. बचाव करणाऱ्या संघासाठी पहिला रशर (फ्लिकरच्या दिशेने धावत सुटणारा बचावपटू) कोण होता आणि त्याने फटका अडवला की फ्लिकरला दिशा बदलायला लावली, ते लिहावे. भारतासाठी हे काम करणारा अमित रोहिदास पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळून बाहेर गेला आणि एका सामन्याच्या बंदीमुळे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य फेरीत खेळू शकला नाही. तो सामना भारताने २–३ असा गमावला आणि जर्मनीच्या गोन्सालो पेयातने त्यात कॉर्नरवर गोल केला. केवळ त्या अनुपस्थितीमुळेच पराभव झाला, असे एका सामन्यावरून म्हणता येणार नाही. पण गोल न करणाऱ्या रशरचे योगदान कोणत्या रकान्यात शोधायचे, हे त्यावरून स्पष्ट होते.

यानंतर वेळेचा प्रश्न येतो. सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर होऊ शकतात, त्यामुळे ३० मिनिटे खेळलेल्या आघाडीपटूची तुलना पूर्ण ६० मिनिटे मैदानावर असलेल्या बचावपटूशी थेट करता येत नाही. बदलांच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक कृती ६० मिनिटांच्या दराने मांडावी : ३० मिनिटांत ३ प्रवेश म्हणजे ६० मिनिटांना ६. बदलांची नोंद असली, की आइस हॉकीतील ‘प्लस-मायनस’ही काढता येते, म्हणजे खेळाडू मैदानावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल. मात्र एकाच वेळी अकरा जण खेळत असल्याने हा आकडा सहकाऱ्यांच्या गुणांनी फुगतो किंवा घसरतो. म्हणून गोलांऐवजी प्रवेशांचा फरक घ्यावा आणि तोही अनेक सामन्यांचा. संख्याबळ कमी-जास्त असतानाची मिनिटे वेगळी ठेवावीत. ब्रिटनविरुद्ध भारत सुमारे ४३ मिनिटे दहा खेळाडूंनिशी लढला, त्या काळातील दर इतर सामन्यांच्या दरांत मिसळले, तर प्रत्येक आघाडीपटू निष्क्रिय भासेल.

टक्केवारीपुढे एकूण प्रयत्नांची संख्या नेहमी लिहावी. समजा, एका फ्लिकरने १० कॉर्नरवर ३ गोल केले आणि दुसऱ्याने ४० कॉर्नरवर १२. दोघांचीही टक्केवारी ३०. परंतु ९५ टक्के विश्वासाच्या पातळीवर पहिल्याची खरी क्षमता साधारण ११ ते ६० टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते, तर दुसऱ्याची १८ ते ४५ मध्ये. व्यवहारात एक सोपा उपाय पुरतो : लीगची सरासरी समजा २० टक्के असेल, तर प्रत्येकाच्या नोंदीत २० काल्पनिक प्रयत्न आणि ४ गोल मिळवावेत. मग पहिला ३० पैकी ७, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांवर येतो आणि दुसरा ६० पैकी १६, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांवर. प्रयत्न वाढत जातात, तसा या काल्पनिक भरीचा प्रभाव आपोआप ओसरतो.

गोलरक्षकाची वाचवलेल्या फटक्यांची टक्केवारी काढताना कॉर्नरवरील फटके आणि चालू खेळातील फटके वेगळे मोजावेत, कारण ड्रॅग-फ्लिक अडवणे आणि पळत्या आघाडीपटूचा कोन बंद करणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. बरोबरी सोडवण्यासाठी होणाऱ्या शूटआउटची नोंद वहीच्या तिसऱ्या, वेगळ्या पानावर ठेवावी. तेथे आक्रमकाला २३ मीटर रेषेपासून ८ सेकंद मिळतात आणि एका सामन्यातील पाच प्रयत्नांवरून कोणाबद्दलही निष्कर्ष काढू नये.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना नियम तपासावेत. हॉकी इंडिया लीगच्या २०१६ च्या हंगामात मैदानी गोल, म्हणजे चालू खेळातला गोल, दोन गोलांइतका धरला जात असे, त्यामुळे त्या वर्षीच्या धावफलकांवरून खेळाडूंचे गोल मोजू नयेत. हीच वही नाशिकमधील शालेय किंवा क्लबच्या सामन्यांसाठी वापरणाऱ्यांनी मैदान मातीचे होते, गवताचे की कृत्रिम, याचा एक रकाना जोडावा. मातीवर चेंडू उसळतो आणि स्टॉपरचे काम अवघड होते, म्हणून तेथील कॉर्नरची टक्केवारी कृत्रिम मैदानावरील टक्केवारीच्या शेजारी मांडू नये. एकाच मैदानावर खेळलेल्या खेळाडूंचीच आपापसांत तुलना करावी.