‘अँटिबायोटिक देता का?’ असं कबुतरवाल्याला विचारू नका

सूक्ष्मजीवशास्त्राची दोन-तीन मुलं गेल्या महिन्यात भेटायला आली. पक्ष्यांतल्या क्लॅमिडियावर, म्हणजे विष्ठेतून पसरून माणसालाही न्यूमोनिया देणाऱ्या जंतूवर, प्रोजेक्ट करायचाय, कोल्हापुरात कबुतरं भरपूर, सोपं जाईल ना? कबुतरं भरपूर आहेत, खरंय. सोपं मात्र नाही. त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहितेय. पेशीच्या आत वाढणारा जंतू, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी), स्वॅब हे सगळं तुम्हाला येतं असं धरते.

मी नमुने घ्यायला गेले ती पहिली ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, मंगळवार पेठेतली, तिसऱ्या मजल्यावरची. साठेक उडानीची कबुतरं. मालकांना गल्लीत सगळे मामा म्हणायचे, म्हणून मीही. जाण्याआधी चार-पाच दिवस रीतसर फोन केला. गेल्यावर छापील फॉर्म काढला आणि विचारलं, “मामा, अँटिबायोटिक वगैरे देता का?”

“न्हाई ओ मॅडम. आमी असलं काय देत न्हाई.”

‘नाही’वर टिक केली. एका सकाळी वीस पाखरांचे क्लोएकाचे (विष्ठेच्या द्वाराचे) स्वॅब घेतले. वीसच्या वीस निगेटिव्ह. आनंदाने मामांना रिपोर्ट नेऊन दिला, वर तोंडानेही सांगितलं की पाखरं स्वच्छ आहेत.

त्याच आठवड्यात मामांच्या आई आजारी पडल्या. ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कोरडा खोकला, एक्स-रेवर डाग. डॉक्टरांनी घरात पक्षी आहेत का हे विचारलं होतं, म्हणजे त्यांनी त्यांचं काम केलं होतं. मामांनी माझा रिपोर्ट पुढे केला आणि कबुतरं संशयातून सुटली. पेनिसिलीनच्या घराण्यातली इंजेक्शनं सुरू झाली. पेशीत दडलेल्या या जंतूवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. ताप हलेना.

आजींना बघायला गेले तेव्हा मामा पाण्याच्या भांड्यात पिवळी पावडर ढवळत होते. विचारलं तर म्हणाले, “सर्दीची पावडर. पाखरू गप बसलं की द्यायची. तुमचा फोन आला तवाच चालू केली हुती, म्हटलं मॅडमला पाखरं टवटवीत दिसूदेत.” पाकिटावर ऑक्सिटेट्रासायक्लीन लिहिलेलं.

मामा खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी अँटिबायोटिक म्हणजे माणसाच्या गोळ्या. ही तर नुसती सर्दीची पावडर. प्रश्नच माझा चुकला होता.

आता हे जरा सविस्तर ऐका, कारण पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. टेट्रासायक्लीन या जंतूला दाबतं, पण पाण्यातून अंदाजाने, चार दिवस दिलेल्या मात्रेने तो संपत नाही. विष्ठेतून बाहेर पडणं तेवढं कमी होतं. पक्ष्यांवर पूर्ण उपचार परंपरेने ४५ दिवसांचा, आणि त्यातही खाण्यात कॅल्शियमचे खडे असतील तर औषध त्यांनाच चिकटून बसतं. पावडर नसती तरी माझी एक सकाळ पुरली नसती. वरून धडधाकट दिसणारं पाखरू हा जंतू रोज टाकत नाही. प्रवास, गर्दी, थंडी, अंड्यांचा काळ, असा ताण आला की टाकतं, मधे दिवसचे दिवस काही नाही. म्हणून स्वच्छ कागदावरची तीन ते पाच दिवसांची विष्ठा एकत्र करायची, आणि क्लोएकाबरोबर घशाचा, डोळ्याचाही स्वॅब घ्यायचा. लाकडी काडीचा स्वॅब नको. विष्ठेतलं यूरिक आम्ल पीसीआर अडवतं, तेव्हा इंटर्नल कंट्रोल (चाचणी मुळात चालली का हे दाखवणारी खूण) नसलेल्या निगेटिव्हला मी तरी रिपोर्ट म्हणत नाही. औषध चालू असेल तर ते संपल्यावर किमान दोन आठवडे थांबा.

त्या संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून ‘माझा रिपोर्ट बाजूला ठेवा’ सांगताना घशाला कोरड पडली होती. त्यांनी डॉक्सिसायक्लीन सुरू केलं, दोन दिवसांत ताप उतरला. पावडर बंद करून तीन आठवड्यांनी, पाच दिवसांच्या नमुन्यांत वीसपैकी सहा पाखरं पॉझिटिव्ह आली. आजींचा आजार त्यातलाच होता हे मात्र मला आजही कागदावर दाखवता येणार नाही. सुरुवातीचं आणि नंतरचं अशी रक्ताची जोडी, प्रतिपिंडं वाढली का हे बघायला, कोणी घेतलीच नव्हती.

घाबरून विषय सोडू नका. वेळेत ओळखला तर माणसातला हा न्यूमोनिया बहुतेकदा बरा होतो, आणि माणसाकडून माणसाला क्वचितच जातो. पण ढाबळीत कोरडा झाडू चालू असताना आत पाऊल टाकाल तर मूर्ख आहात. आधी पाणी मारायला सांगा. ओढणी म्हणजे मास्क नव्हे, एन-९५ लावा. आणि साध्या प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघू, असं कुठल्याही गाईडने सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. ते काम बीएसएल-३चं, म्हणजे कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेचं. १९३० साली वॉशिंग्टनच्या हायजिनिक लॅबोरेटरीत पोपटांच्या याच तापावर काम करताना चार्ल्स आर्मस्ट्राँग आजारी पडले आणि त्यांचा सहायक हेन्री अँडरसन दगावला.

गाईडवरून आठवलं. मोठ्या नावाच्या गाईडपेक्षा पंधरा वर्षं फ्रीजर सांभाळलेला लॅब असिस्टंट जास्त शिकवतो, हे माझं ठाम मत आहे. इंटर्नल कंट्रोल मला अशाच एका असिस्टंटने शिकवला. शिव्या घालून.

किरकोळ दोन गोष्टी. जुने लेख शोधताना या जंतूचं ‘क्लॅमिडोफिला’ हेही नाव घाला, १९९९ नंतर काही वर्षं ते चाललं. आणि देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे पोपटवाल्या घरात ‘आमच्याकडं काय न्हाई’ हेच उत्तर मिळेल. फॉर्म पिशवीतच राहू द्या, चहा घ्या, पिंजरा आपोआप दिसतो.

माझ्या फॉर्मवर आता प्रश्न आहे, “पाखरू गप बसलं की काय देता?” आणि त्याखाली, “पाकीट दाखवा.” फोन करून मी जात नाही. मामांनी ढाबळीच्या दारात एक खिळा ठोकलाय, रिकामी पाकिटं त्याला अडकवलेली असतात. प्रत्येकावर बॉलपेनने तारीख.