सर्व्हरची वेळ सतत चुकते? या चुका टाळा

घड्याळ दीड मिनिट पुढे दिसलं की हाताने मागे घ्यायचं आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) दर तासाला एनटीपीडेट (वेळ एकदाच जुळवणारी आज्ञा) टाकायचं, हा शॉर्टकट कृपा करून बंद करा. वेळ मागे उडी मारते तेव्हा तीच मिनिटं दुसऱ्यांदा येतात. लॉगचा क्रम बिघडतो, नंतरची नोंद आधीची दिसते. त्यापेक्षा क्रोनी हा नेटवर्कवरून वेळ जुळवत राहणारा प्रोग्रॅम कायम चालू ठेवा. घड्याळाची चाल किंचित कमी-जास्त करून क्रोनी फरक हळूहळू जिरवतं. कॉन्फिगमध्ये 'मेकस्टेप १.० ३' ही ओळ पुरते: फरक एका सेकंदाहून मोठा असेल तरच उडी, तीही पहिल्या तीन अपडेटमध्येच. त्यानंतर धीर धरा. दर दोन मिनिटांनी सर्व्हिस रीस्टार्ट केलीत तर चालीचा अंदाज बसायला वेळच मिळत नाही.

दुसरी चूक प्रोग्रॅमरची: 'किती वेळ लागला' हे भिंतीवरच्या घड्याळाने, म्हणजे सिस्टिमच्या तारीख-वेळेवरून मोजणं. १ जानेवारी २०१७ला भारतात पहाटे साडेपाचला, म्हणजे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री, लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला घातलेला एक जादा सेकंद) आला. त्यासाठी घड्याळ सेकंदभर मागे गेलं आणि क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या) प्रणालीत दोन वेळांची वजाबाकी ऋण निघाली. तो आकडा यादृच्छिक संख्या देणाऱ्या फंक्शनकडे गेला आणि गो भाषेतला तो प्रोग्रॅम कोसळला. कोडमध्ये 'शून्य आहे का' एवढंच तपासलं होतं. 'शून्य किंवा त्याहून कमी' हवं होतं. पण खरा उपाय त्याच्याही आधीचा आहे: कालावधी मोनोटॉनिक घड्याळानेच मोजा. ते मागे जात नाही. पायथॉनमध्ये 'टाइम डॉट मोनोटॉनिक' वापरा, गोमध्ये १.९ आवृत्तीपासून ही सोय आपोआप मिळते.

एनटीपीचे (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीचे) दोनच सर्व्हर देऊ नका. दोघांत मतभेद झाला तर खोटा कोण, हे कळत नाही. चार द्या. गूगलचे सर्व्हर लीप सेकंद २४ तासांवर पसरवतात, म्हणून ते इतरांत मिसळू नका. फायरवॉलमध्ये एनटीपीचा यूडीपी १२३ हा पोर्ट उघडा आहे ना, हेही बघा.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असतील आणि वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर बॅटरी बदलत बसू नका. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी. दोन्हीकडे यूटीसी करा.

मशीन बंद करून चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे गेली, तर मात्र मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. महिन्याला मिनिटभराचा फरक हा सेलचा दोष नव्हे. घड्याळाची चाल ठरवणाऱ्या ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक असली तरी दिवसाला १.७ सेकंद जातात, आणि तापमानाने त्यात भर पडते.